अर्धा आटा

भाऊखोतांच्या रायफलीचा नवा दस्ता सदाने वैशाखात बसवला, आणि बसवताना दोन्ही स्क्रू जाणूनबुजून अर्धा आटा ढिले ठेवले.

रायफल भाऊखोतांच्या वडिलांच्या वेळची. रानडुकरांसाठी म्हणून परवाना होता. फाल्गुनात गडी ती बैलगाडीत ठेवायला गेला आणि ती दगडावर पडून दस्ता मनगटाशी, मुठीत धरायच्या बारीक जागी, उभा चिरला. मुंबईला पाठवायची तर परवानग्या, खेपा, महिनोन् महिने. तेव्हा भाऊखोतांनी दिघीच्या खाडीकाठून सदाला बोलावून घेतले. सदा कोळ्यांपैकी, त्याच्या घराण्यात मासे मारण्यापेक्षा मचवे बांधण्याचे कसब जास्त. भाऊखोत म्हणाले, "लाकूड ते लाकूड. मचव्याचं काय आणि बंदुकीचं काय. घरी घेऊन जा आणि नवा करून आण."

सदाने सागाचा जुना, सरळ रेषांचा तुकडा निवडला. तुटका दस्ता नमुन्याला समोर ठेवून तो तुकडा तासला, लोखंड बसेल तसा आतून कोरला, आणि मग घराच्या मागल्या पडवीत सगळी जुळणी मांडून बसला. केसर, त्याची बायको, काशाच्या थाळीत स्क्रू आणि वायसर घेऊन शेजारी बसली होती. मांडणी साधी होती. वर नळी आणि तिचे लोखंड, मध्ये लाकूड, खाली चापाभोवतीची पट्टी. आणि खालून वर जाणारे दोन जाड स्क्रू, एक पुढे, एक मागे. या दोघांनी लाकडाला मध्ये धरून लोखंड आवळायचे. सगळी रायफल त्या दोघांच्या भरवशावर उभी.

सदाने पुढचा आधी फिरवला, मग मागचा, मग पुन्हा पुढचा. दोन्ही टेकले. पेचकसावर आणखी जोर देणार तोच त्याचा हात थांबला, आणि उलट अर्धा आटा मागे आला.

"ढिला का केलाव?" केसरने विचारले.

"बाबा काय सांगायचा? वैशाखातला लाकूड उपाशी असतो. आज गच्च आवळला तर पावसाल्यात फुगून सोताच फुटल. त्याच्यापुरता अर्धा आटा ठेवाचा."

बाबा म्हणजे धर्माजी. दिघीपासून आगरदांड्यापर्यंत त्याने बांधलेले मचवे अजून पाण्यावर होते. त्याची आणखी एक रीत होती, तीही सदाने पाळली. पटाशीच्या टोकाने त्याने प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या पट्टीवर एक बारीक, सरळ रेघ ओढली. रेघ जोवर सलग, तोवर स्क्रू जागचा हललेला नाही. रेघ मोडली की समजावे, कुणी फिरवला किंवा तो आपण होऊन फिरला. मचव्याच्या तळात, काळोखात, बोटाने चाचपूनसुद्धा ही रेघ कळते. शेवटी होड्यांना लावतात ते मुशी माशाचे उग्र तेल त्याने दस्त्याला चोळले आणि रायफल खोतांच्या ओटीवर नेऊन दिली.

भाऊखोतांनी ती हातात घेऊन हलवली. आत लोखंड लाकडावर किंचित आपटले. टक्, टक्.

"अरे, ही रायफल आहे की पोराचा खुळखुळा?"

ओटीवर बसलेली चार माणसे हसली.

"भाऊ, आता वाजल," सदा म्हणाला. "लाकूड पानी पिवंदे. नारळी पुनवेला वाजायचा न्हाय."

"म्हणजे मी पुनवेपर्यंत डुकरांना थांबायला सांगू? आणि वास काय मारतोय! डुक्कर पळून जाईल आणि मांजरं येतील."

या वेळी हसणे जास्त मोठे झाले. सदाही हसला. हसण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. खोती कायद्याने जाऊन काही वर्षे झाली होती, पण सुरूच्या झाडांखालची किनाऱ्याची जी पट्टी सदा मचवे बांधायला वापरत असे, ती भाऊखोतांच्याच नावावर राहिली होती. उधाणाची भरती जिथवर येते आणि मचवा घसरवून थेट पाण्यात लोटता येतो, अशी तेवढी एकच जागा होती. तिथे त्या वर्षी आगरदांड्याच्या अलीमियाँसाठी सदाने मोठा मचवा धरला होता. स्वतःच्या नावावर घेतलेले त्याचे हे पहिलेच मोठे काम. कणा टाकून झाला होता, वाक, म्हणजे मचव्याच्या वाकड्या फासळ्या, उभे राहिले होते, फळ्या चढत होत्या. उद्या भाऊखोत "उठ" म्हणाले असते तर तो सांगाडा उचलून न्यायला दुसरी जागा नव्हती. तो तिथेच उन्हात तडकून मेला असता, आणि सदाचे नाव त्याच्याबरोबर.

पावसाळाभर "सदाचा खुळखुळा" गावात फिरत राहिला. दुकानात, देवळात, वल्ह्यावर. सदा ऐकून घेई.

आश्विनात भात पोटरीतून बाहेर पडले आणि डुकरे उतरू लागली. रिवाजाप्रमाणे भाऊखोतांनी हाका धरला. घरटी एक माणूस रान उठवायला यायचा; भाऊखोत एकटेच ओढ्याच्या तोंडाशी रायफल घेऊन बसायचे. सकाळी सगळे खोतांच्या वाडीत जमले. सदा आला तेव्हा भाऊखोत नेमाची परीक्षा पाहत होते. कुंपणापलीकडे बांधलेला नारळ त्यांनी पहिल्याच गोळीत फोडला. खटका मागे ओढून रिकामे नळकांडे बाहेर पाडले, दुसरे काडतूस आत सारले, आणि तेवढ्यात आतून चहा आला म्हणून रायफल कठड्याला टेकवून ते कपबशी घ्यायला वळले. सदाने हे पाहिले. पाहून त्याला काहीच वाटले नाही. नारळ फुटला याचाच त्याला मनातून आनंद झाला होता.

मग खेळाची वेळ झाली.

हा खेळ दर वर्षी व्हायचा. मोरू कातकरी डुकराची नक्कल हुबेहूब करी. तो हातापायांवर व्हायचा, मान खाली घालून मुसंडी मारायचा, नाकाने माती उकरायचा, आणि भाऊखोत रिकामी रायफल रोखून त्याच्या मागे नळी फिरवायचे. शेवटी चाप ओढायचे. खट्. मोरू चारी पाय वर करून पडायचा, आणि सगळे पोट धरून हसायचे. याबद्दल त्याला एक नारळ आणि तंबाखूचे पान मिळे. मोरू लहानखुऱ्या अंगाचा, पन्नाशीकडे झुकलेला माणूस होता. सदाच्या मचव्यासाठी रानातले वाकडे लाकूड तोच हेरून आणी. वाक कुठल्या फांदीत दडलेला आहे, हे तो झाड पाहून सांगत असे. अशा माणसाने चार पायांवर रांगावे याचे सदाला कधी वाईट वाटले नव्हते असे नाही. पण हसताना तो इतरांबरोबर हसत असे.

"मोऱ्या, यंदा जाडा झालायस रे," भाऊखोत म्हणाले. "कुणाच्या भातात चरतोस?"

"तुमच्याच, भाऊ!" मोरू जमिनीवरून हसत म्हणाला, आणि हुंकारला.

"मग यंदा सोडत नाही."

"आदी धरा तरी!"

तो झुडपाकडे मुसंडी मारत निघाला. नळी त्याच्या मागे फिरली. माणसे आधीच हसायला लागली होती.

आवाज झाला तेव्हा काही जण त्यानंतरही क्षणभर हसत राहिले. मोरू नेहमीसारखा आडवा झाला होता. मात्र त्याचे पाय वर गेले नाहीत. तो कुशीवर वळला, दोन्ही हात त्याने पोटाशी घेतले आणि सदाकडे, कदाचित सदा जवळ होता म्हणूनच, आश्चर्याने पाहिले.

"मी दाबला नाही," भाऊखोत ओरडले. "चापाला बोटसुद्धा नव्हतं माझं! आपोआप उडाली! ढिली आहे ही, वैशाखापासून सांगतोय मी, खुळखुळा आहे, खुळखुळा!"

तेव्हा सगळ्यांच्या माना सदाकडे वळल्या. त्या वळण्यात रागापेक्षा सुटकेचा भाग जास्त होता. दर वर्षी ज्या चापाच्या आवाजावर आपण हसत आलो, तो यंदा ओढला गेलाच नव्हता, हे ऐकून प्रत्येकाला हायसे वाटले. अर्धा आटा, सदाच्या मनात आले. माझा अर्धा आटा.

मोरूला तालुक्याला न्यावे असे कुणीतरी पुटपुटले. भाऊखोत म्हणाले, वाट लांबची आहे, धक्क्यांनी मरेल, आधी घरी न्या. मचव्यासाठी तासून ठेवलेली एक रुंद फळी सदाने धावत जाऊन आणली. तिच्यावर घालून त्याला कातकरवाडीकडे नेताना तो वाटेतच गेला. जाण्याआधी त्याने एकदा पाणी मागितले आणि एकदा विचारले, "नारल दिला का?"

दिवेलागणीला भाऊखोतांनी सदाला बोलावले. ओटीवर दुसरे कुणी नव्हते. रायफल चटईवर आडवी ठेवली होती, शेजारी पेचकस.

"बस. उद्या तालुक्याहून फौजदार येणार. मी काय सांगू त्याला?"

सदा चटईच्या कडेला बसला.

"खरं सांगितलं तर तू खडी फोडायला जाशील. माणूस मेलाय. स्क्रू ढिले ठेवले हे तू स्वतः माझ्या ओटीवर चार माणसांत कबूल केलंयस. केलंयस की नाही?"

"केलाय, भाऊ."

"तुझी बायको, तो अलीमियाँचा मचवा, सगळं वाऱ्यावर. मला ते नकोय. तुझ्या बापाची आणि माझ्या बापाची ओळख होती. म्हणून सांगतो ते ऐक. हाका चालू होता. मोरू रांग सोडून झुडपातून पुढे आला, मला डुक्कर वाटलं. सगळे तेच सांगणार आहेत, मी बोललोय त्यांच्याशी. तूही तेच सांगायचं. मात्र रायफल तपासतील. ती ढिली सापडता कामा नये. आवळ ते स्क्रू."

सदाने रायफल उचलली. कारागिराचा हात वस्तू घेताच आधी तिची परीक्षा करतो. त्याने नकळत ती कानाजवळ नेऊन हलवली.

आवाज आला नाही.

त्याने पुन्हा हलवली.

"हलवायला नाही दिली," भाऊखोत शांतपणे म्हणाले. "आवळायला दिलीय."

सदाने रायफल उलटी करून दिव्याकडे धरली. पट्टीवर त्याने वैशाखात ओढलेली रेघ स्पष्ट दिसत होती. ती पट्टीवरून स्क्रूच्या डोक्यावर गेली होती आणि डोक्यावरून पलीकडे उतरली होती, केसाइतकीही मोडलेली नव्हती. मागच्याही स्क्रूची तशीच. त्याने पेचकस खाचेत बसवला आणि हलकेच पिळला. स्क्रू हलला नाही. थोडा जोर दिला. जमिनीत रुजलेल्या खुंटासारखा तो घट्ट होता. चार महिन्यांच्या खाऱ्या, ओल्या हवेत लाकडाने आपल्यासाठी ठेवलेली जागा पुरती भरून काढली होती. बाबा म्हणाला होता तसेच, तंतोतंत. आता याहून जास्त पीळ दिला तर सागाला चीर गेली असती.

रायफलीत दोष नव्हता. सकाळी नारळ फुटला, तो याच घट्ट रायफलीने. काडतूस आत सारलेले त्याने स्वतः पाहिले होते. चहा, कपबशी, कठड्याला टेकवलेली रायफल. आणि मग दर वर्षीसारखा, खेळाच्या शेवटी ओढलेला चाप.

त्याने मान वर केली. भाऊखोत त्याच्याकडेच पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती असेल असे सदाला वाटले होते. भीती नव्हती. गिऱ्हाईक किती दाम सांगते याची वाट पाहणाऱ्या व्यापाऱ्यासारखे ते निवांत होते.

"फिरतोय ना?"

बाहेर सुरूच्या झाडांतून वारा जात होता, आणि त्या झाडांखाली त्याचा मचवा उभा होता, फळ्या चढून पूर्ण झालेला, फटी भरून झालेला. आठवड्यावर उधाण आले होते.

"फिरतोय," तो म्हणाला.

त्याने पेचकस खाचेत ठेवून आपले मनगट वळवले, फक्त मनगट. स्क्रू जागीच राहिला. मग मागच्या स्क्रूवर तसेच.

"झाले घट्ट?"

"झाले."

"किती फिरले?"

हे विचारायची गरज नव्हती. सदाला ते कळले, आणि कळूनही त्याने उत्तर दिले. "अर्धा आटा."

"बघ," भाऊखोत म्हणाले. "मी वैशाखातच सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी फौजदार आले. रायफल पाहून "दस्ता सुरेख जमलाय, कुणी केला?" असे म्हणाले. पंचनामा झाला. एकेकाने सांगितले, मोरू रांग सोडून पुढे आला. सदाचा क्रम आला तेव्हा त्यानेही तेच, त्याच शब्दांत सांगितले आणि अंगठा दिला. मोरू आयुष्यभर रान उठवत आला होता. रांग कधी सोडू नये हे त्यानेच गावातल्या निम्म्या माणसांना शिकवले होते. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

फौजदाराला सांगायची हकीकत वेगळी आणि गावात कुजबुजायची वेगळी. कुजबूज सदाच्या स्क्रूची होती. ती कातकरवाडीत पोचली नसती तरच नवल. चौथ्या दिवशी मोरूची बायको ठमी सुरूंच्या सावलीत येऊन उभी राहिली. एरवी ती ढलप्या वेचायला येई. आज तिच्या हातात टोपली नव्हती. तीच रुंद फळी तिने डोक्यावरून आणली होती. ती तिने खाली ठेवली. धुऊन आणलेली होती, पण सागाने रक्त पिऊन घेतले होते आणि मध्यभागी काळा डाग उरला होता.

"तुमची हाय, दादा. कामाची असंल."

"राहू द्यायची व्हती गो," सदा म्हणाला.

"कशाला? मना कुठं मचवा बांदाचा हाय?" तिने फळी पायाने सरळ केली. मग म्हणाली, "लोक म्हनत्यात, तुमचा पेच ढिला ऱ्हायला, म्हनून उडली. मी तवापून तुमाला शिव्या देत व्हते. रातभर देत व्हते. आज सकाली वाटला, काय उपेग? हाताकडनं चूक व्हते. त्यानं एकदा माजी कोयती विहिरीत टाकली व्हती. तुमी काय जानूनबुजून केला का?"

सदाच्या हातात पटाशी होती. सांगायला एकच वाक्य लागले असते. रेघ मोडलेली नव्हती, एवढे तिला कळले असते. मोरूने तिला सदाच्या रेघांविषयी नक्कीच सांगितले असेल. तिच्या पाठीमागे मचव्याचे नवे, तेल लावलेले अंग उन्हात चमकत होते.

"न्हाय," तो म्हणाला. "जानून न्हाय केला."

"मंग झाला. माजा राग न्हाय तुमच्यावर. केसरबायलाबी सांगा, तोंड चुकवू नको म्हनावं. पानवट्यावर वळून जाते माझ्या म्होरनं." ती वळली, आणि जाता जाता सवयीने वाकून दोन ढलप्या तिने उचलल्या.

केसर सुरूंखालच्या कामाच्या खोपटाच्या दाराशी उभी राहून सगळे ऐकत होती. रायफल हलवली तेव्हा आवाज आला नाही, हे सदाने तिला त्याच रात्री सांगितले होते. आत जाऊन तिने चुलीवरचा भात उतरवला.

उधाणाच्या दिवशी मचवा लोटायला सगळे गाव आले. दोन्ही अंगांनी माणसे लागली, दोर पुढून ओढला जात होता. कातकरवाडीची माणसे नेहमीप्रमाणे दोराच्या लांबच्या टोकाला होती आणि त्यांत ठमी होती. आगरदांड्याहून अलीमियाँ तरीच्या होडीने आले होते. नाळेवर, मचव्याच्या पुढच्या टोकावर, नारळ फोडायचा मान भाऊखोतांचा. त्यांनी तो फोडला आणि एक भकल सगळ्यांदेखत दोराच्या शेवटाकडे पाठवले. "मोरूचा राहिला होता," ते म्हणाले. लोकांना ते फार मोठ्या मनाचे वाटले. ठमीने भकल पदरात घेतले आणि पुन्हा दोर धरला.

मचवा सरकला, डुलला आणि तरंगला. सदा आत उतरून तळाशी गेला. अंधारात त्याने एकेका बोल्टवर बोट फिरवले. रेघा सलग होत्या. दोन-चार ठिकाणी पाणी झिरपत होते. लाकूड दोन दिवसांत पाणी पिऊन तेही बंद करणार होते. असे घट्ट काम धर्माजीच्या हातूनही क्वचितच झाले असेल.

तो वर आला तेव्हा काठावरून गावातला शिवदास तांडेल ओरडला, "काय सदा, सगले पेच आवळलंस ना रे बाबा? का ठेवलास यंदाबी अर्धा आटा?"

माणसे हसली. अलीमियाँना संदर्भ ठाऊक नव्हता, तेही हसले. कुणीतरी हाताने रायफल हलवल्याची नक्कल केली आणि तोंडाने आवाज काढला, टक्, टक्. भाऊखोत हसता हसता म्हणाले, "अरे, पुरे करा! हाताकडनं चूक होते माणसाच्या."

कमरेइतक्या पाण्यात, दोराच्या टोकाशी, ठमी सदाकडे पाहत होती. तिने मान हलवली, मनावर घेऊ नका, अशी.

सगळ्यांची तोंडे त्याच्याकडे वळली होती, तो काय बोलतो याची वाट पाहत. सदाने दोन्ही हात पुढे करून पेच पिळल्याची नक्कल केली, अर्धा आटा पुढे, अर्धा आटा मागे. आणि मोरू जमिनीवरून हसायचा तसा हसला. माणसे पोट धरून हसली.